मृतांचे देणे: सामुराई भूतपट आणि पेडणे-डिचोलीच्या रात्री

दुसऱ्या महायुद्धातील पराभवानंतरच्या दोन-अडीच दशकांत जपानमध्ये सामुराई आणि भुते यांना एकत्र आणणारे अनेक चित्रपट निघाले. सामुराई, म्हणजे सरंजामदाराच्या पदरी असलेला व तलवार बाळगण्याचा वंशपरंपरागत अधिकार मिळालेला योद्धा, ज्यांचे देणे बुडवून पुढे निघून गेला, ती माणसे मेल्यानंतर वसुलीला परत येतात, या कल्पनेभोवती त्यांतील उत्तम चित्रपट उभे आहेत. जिवंतांनी मृतांचे देणे कसे फेडावे, हा प्रश्न गोव्याच्या उत्तर सीमेवरील पेडणे आणि डिचोली या तालुक्यांनाही पडलेला होता, आणि तेथे त्याचे उत्तर देवळाच्या प्रांगणात, माळावर व मसणात, शिमग्याच्या आणि कोजागिरीच्या रात्री शोधले गेले. ही दोन उत्तरे शेजारी ठेवली, तर जपानी चित्रपट अधिक उलगडतात, आणि गोव्यातील रूढींनी कोणाला जागा दिली व कोणाला बाहेर ठेवले, हेही दिसू लागते.

कानेतो शिंदो यांचा १९६८ सालचा ‘कुरोनेको’, म्हणजे ‘काळे मांजर’, हा या प्रकाराचा सर्वांत स्पष्ट नमुना म्हणता येईल. बांबूच्या बेटातून भुकेल्या सामुराईंची एक टोळी बाहेर पडते, एकाकी झोपडीत शिरते, घरातील सासू आणि सून यांच्यावर अत्याचार करून त्यांना मारते, झोपडी पेटवून देते आणि जशी आली तशीच निघून जाते. हा सगळा प्रसंग जवळजवळ संवादाविना घडतो, आणि त्यातील पुरुषांच्या चेहऱ्यांवर क्रौर्यापेक्षा भूकच अधिक दिसते. मेलेल्या दोघी सामुराईंचे रक्त पिण्याची शपथ घेऊन परततात आणि राजधानीच्या राजोमोन या वेशीपाशी एकट्यादुकट्या सामुराईला गाठून, त्याला घरी नेऊन, मद्य पाजून, त्याचा गळा फोडतात. येथवरची कथा सूडाचीच आहे. शिंदो यांची प्रतिभा दिसते ती पुढे, जेव्हा या भुतांचा नायनाट करण्याची आज्ञा ज्याला मिळते, तो तरुण सामुराई त्या सासूचाच मुलगा आणि सुनेचाच नवरा निघतो. तो मूळचा शेतकरी. त्याला लढाईवर जबरदस्तीने नेलेले, आणि शत्रूचा सरदार मारल्यामुळे तो सामुराई झालेला. ज्या वर्गाने त्याचे घर जाळले, त्याच वर्गात तो बढती मिळवून पोहोचला आहे, त्यामुळे शपथेप्रमाणे त्याचाही गळा फोडणे त्या दोघींना भाग आहे. सून सात रात्री त्याच्या सहवासात घालवते, शपथ मोडते आणि त्याची किंमत म्हणून नरकात जाते. आई मात्र शपथेला बांधलेलीच राहते.

याच दिग्दर्शकाच्या १९६४ मधील ‘ओनिबाबा’त भूत असे नाहीच. माणसाहून उंच गवतात राहणाऱ्या सासू-सुना भरकटलेल्या सामुराईंना मारून त्यांची चिलखते धान्याच्या बदल्यात विकतात. म्हणजे वसुली मरणाआधीच सुरू झालेली आहे. केंजी मिझोगुची यांच्या ‘उगेत्सु’ (१९५३) या व्हेनिस महोत्सवात रौप्य सिंह मिळवणाऱ्या चित्रपटात कुंभाराला भुलवणारी वाकासा ही सरदार घराण्यातील मृत कन्या आहे, तर त्याचा शेजारी सामुराई होण्याच्या हव्यासापायी बायकोला वाऱ्यावर सोडतो. मसाकी कोबायाशी यांच्या ‘क्वायदान’ (१९६४) या तीन तासांच्या चित्रपटातील पहिल्याच कथेत गरीब सामुराई एकनिष्ठ पत्नीला टाकून श्रीमंत घरात लग्न करतो, वर्षांनी पस्तावून परततो, तिच्यासोबत रात्र घालवतो आणि पहाटे त्याच्या शेजारी हाडे व लांब काळे केस एवढेच उरलेले असते. लाफ्काडिओ हर्न या जपानमध्ये स्थायिक झालेल्या लेखकाच्या पुस्तकांतून घेतलेल्या या कथा कोबायाशींनी मुद्दाम कृत्रिम, रंगवलेल्या आकाशाखाली घडवल्या. तोरू ताकेमित्सु यांच्या संगीतात लाकूड तडकल्यासारखे आवाज आहेत, आणि ते बऱ्याचदा दृश्याशी जुळत नाहीत; भीती वाटते ती त्या न जुळण्याची.

या साऱ्यांची थोरली बहीण म्हणजे ओइवा. एदो, म्हणजे आजचे टोकियो, येथे १८२५ मध्ये चौथा त्सुरुया नानबोकु या नाटककाराचे योत्सुयाच्या भुताचे नाटक रंगभूमीवर आले. ते काबुकीतले, म्हणजे शहरी व्यापारी वर्गाच्या आश्रयाने वाढलेल्या आणि स्त्रीभूमिकाही पुरुषच करीत असलेल्या नाट्यप्रकारातले होते. त्यातील इयेमोन हा रोनिन, म्हणजे धनी नसलेला आणि म्हणून उत्पन्न नसलेला सामुराई. त्याची पत्नी ओइवा विषाने विद्रूप होते, केस विंचरताना ते झुबक्यांनी गळतात, आणि मेल्यावर तिचे प्रेत फळीला खिळून नदीत सोडले जाते. मूळ नाटकात विष शेजारच्या धनिक कुटुंबाकडून येते, तर नोबुओ नाकागावा यांनी १९५९ मध्ये केलेल्या चित्रपटात ते इयेमोन स्वतःच्या हाताने देतो. या बदलामुळे कथेतील गुंतागुंत कमी झाली हे खरे, पण देणेकरी कोण याविषयी संशय उरला नाही. पैसा नसलेल्या सामुराईला तलवारीचा मान तेवढा शिल्लक राहतो आणि त्या मानाची किंमत घरातील स्त्री चुकवते, हे नानबोकुने सामुराईंचे राज्य चालू असतानाच दाखवले होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. मृतांचा राग शमवण्याची व्यवस्था जपानला अपरिचित नव्हती. दरबारी कारस्थानामुळे हद्दपार होऊन ९०३ मध्ये मेलेल्या सुगावारा नो मिचिझाने या विद्वानाच्या कोपाने राजधानीवर संकटे आली असे मानून त्याला तेंजिन या नावाने देवपद दिले गेले, आणि तो आज विद्यार्थ्यांचा देव आहे. ९४० मध्ये मारल्या गेलेल्या ताइरा नो मासाकादो या बंडखोर योद्ध्याच्या शिराची समाधी टोकियोच्या ओतेमाची भागात उंच इमारतींच्या गर्दीत अजून राखलेली आहे. नोह या मुखवट्यांच्या संथ नाट्यप्रकारात तर रणात पडलेल्या योद्ध्याचे भूत वाटसरू भिक्षूसमोर येऊन आपली हकीकत सांगते आणि त्याच्या प्रार्थनेने शांत होते, असा नाटकांचा एक स्वतंत्र वर्गच आहे. त्यातील झेआमी या नाटककाराच्या ‘आत्सुमोरी’त तो भिक्षू म्हणजे, ज्याचे भूत समोर येते त्या तरुणाला रणात मारणारा योद्धाच असतो. परंतु ही सोय विद्वानांची, सरदारांची आणि नामांकित वीरांची होती. शेतकऱ्याची सून किंवा रोनिनची बायको यांच्यासाठी कोणी भिक्षू वाटेत थांबत नव्हता, आणि चित्रपटांनी नेमके त्यांनाच उचलले.

पेडणे आणि डिचोलीकडे वळताना थोडा इतिहास आवश्यक आहे. बार्देश, तिसवाडी आणि सासष्टी हे गोव्याचे भाग सोळाव्या शतकातच पोर्तुगीजांकडे गेले आणि तेथील देवळे मोडली गेली. डिचोली व सत्तरी हे प्रदेश १७८१-८२ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीज सत्तेखाली आले. या मुलखाला ‘नव्या काबिजादी’ म्हणतात, आणि तोपर्यंत धर्मांतराचा जोर ओसरलेला असल्यामुळे येथील देवस्थाने व रूढी शाबूत राहिल्या. त्याआधीची शतके मात्र शांततेची नव्हती. आदिलशाही, मराठे, सावंतवाडीकर सावंत आणि पोर्तुगीज यांच्या सैन्यांच्या वाटा याच डोंगरांतून जात. डिचोलीजवळ नार्वे येथील सप्तकोटेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये केला, तर १६८३ च्या सुमारास संभाजी महाराजांच्या आश्रयाला आलेला औरंगजेबाचा बंडखोर पुत्र अकबर डिचोलीत मुक्कामाला होता. ज्या भूमीवर एवढी ये-जा होते, तेथे बेवारस मरणेही पुष्कळ होतात.

लढाईत पडलेल्याची नोंद ठेवण्याचे सर्वांत जुने साधन म्हणजे वीरगळ. मेलेल्या योद्ध्याच्या स्मरणार्थ उभारलेली ही कोरीव शिळा खालून वर वाचायची असते: तळाच्या चौकटीत लढाई, तिच्यावर अप्सरांनी वीराला स्वर्गात नेणे, आणि सर्वांत वर शिवलिंगाची पूजा व चंद्रसूर्य. गोव्यात कदंब राजांच्या काळातील वीरगळांवर नौकायुद्धेही कोरलेली आढळतात. कोबायाशींच्या चित्रपटातील आंधळा गायक होइची ११८५ च्या दान-नो-उरा येथील आरमारी लढाईत बुडालेल्या ताइरा वंशाच्या भुतांना त्यांचीच पराभवगाथा गाऊन दाखवतो, तेव्हा तो जे काम गळ्याने करतो, ते येथे पाथरवटाने छिन्नीने केलेले आहे. मेलेल्याला आपली गोष्ट कोणीतरी नीट सांगितलेली हवी असते, याविषयी दोन्ही देशांचे एकमत दिसते.

वीरगळ ज्यांना मिळाली नाही, त्यांच्यासाठी दुसरी सोय होती. कोकण-गोव्याच्या गावरहाटीत, म्हणजे देव, मानकरी आणि गावकरी यांच्या हक्क-कर्तव्यांच्या रूढ मांडणीत, सातेरी, भूमिका आणि रवळनाथ यांच्या बरोबरीने भुतांचा राजा वेताळही बसलेला असतो. डिचोली तालुक्यातील आमोणे गावी त्याचे प्रसिद्ध देवस्थान आहे. गोव्यातील जुन्या मूर्तींमध्ये तो नग्न, मुंडमाळा घातलेला, हातात शस्त्र आणि कवटीचे पात्र धरलेला असा दिसतो. त्याच्या खालच्या पायरीवर देवचार किंवा राखणदार येतो. हा एखादी डोंगरकूस, पाणवठा, शेत किंवा गावाची सीव राखणारा अदृश्य रक्षक. लोकांच्या वर्णनात तो काठी घेतलेला, खांद्यावर कांबळे टाकलेला उंच म्हातारा असतो, रात्री मशाल घेऊन हद्दीवरून फिरतो, आणि त्याला रोट, केळी, विडी, दारू यांचा मान द्यावा लागतो. तो देव म्हणावा की भूत, याचा निवाडा गावाने कधी केला नाही, कारण त्याची गरज पडली नाही. तो नेमून दिलेले काम करतो आहे आणि त्याचे मेहनतान्याचे रोट वेळेवर पोचतात, एवढे पुरेसे असते.

जपानी भुताला पाय नसतात. अठराव्या शतकातील चित्रकार मारुयामा ओक्यो याने ते तसे रंगवले आणि तीच प्रतिमा रूढ झाली असे मानतात. ते तरंगते, कारण त्याला जाण्यासारखे ठिकाण नाही. पेडण्याच्या उत्तरेला, वेंगुर्ले तालुक्यातील आरवली येथे मात्र वेतोबाला, म्हणजे वेताळालाच, चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा अर्पण करतात, आणि देव रात्री गावाभोवती गस्त घालत असल्यामुळे त्या झिजतात असे भाविक सांगतात. कामावर असलेल्या भुतालाच वहाणा लागतात.

या व्यवस्थेचे सर्वांत नाट्यमय रूप डिचोली तालुक्यातील साळ गावच्या गड्यांच्या उत्सवात पाहायला मिळते. होळीच्या पौर्णिमेपासून तीन रात्री तो चालतो. गडे म्हणजे परंपरेने ठरलेले पुरुष, उघड्या अंगाचे, धोतर कसलेले. ढोलाच्या गजरात आणि नमनांच्या, म्हणजे देवतांना आवाहन करणाऱ्या गीतांच्या साथीत त्यांच्या अंगात संचार होतो आणि ते अंधारात, डोंगराच्या व मसणाच्या दिशेने धावत सुटतात. समोरच्या डोंगरावर मध्येच उजेड दिसतो, तो देवचाराच्या मशालीचा, असे जमलेले लोक मानतात, आणि तो पाहण्यासाठी हजारो माणसे रात्रभर माळावर बसून राहतात. देवचार काही गड्यांना लपवून ठेवतो आणि इतर गडे त्यांना शोधून परत आणतात, अशी या उत्सवाची श्रद्धा आहे. उजेड कशाचा, हे विचारणारे शहरी पाहुणे दरवर्षी येतात. त्यांची शंका गैर नाही, फक्त उत्सवाचे प्रयोजन त्या शंकेच्या पलीकडे आहे: वर्षातून तीन रात्री जिवंत पुरुषांनी मृतांच्या हद्दीत जायचे, तेथे थोडे हरवायचे आणि परत यायचे. ‘कुरोनेको’तला प्रत्येक सामुराई बांबूच्या बेटात याच वाटेने जातो, पण त्याला शोधायला गाव येत नाही.

शेजारच्या सत्तरीतील झरमे गावचा चोरोत्सव तर जपानी सूडकथेच्या आणखी जवळ जातो. निरपराध माणसांना चोर समजून गावाने मारले, अशी कथा त्याच्या मुळाशी सांगितली जाते, आणि शिमग्यात काही पुरुषांना खड्ड्यांत असे पुरले जाते की एखाद्याचे केवळ शिर जमिनीवर दिसावे. गावाने आपलाच गुन्हा दरवर्षी सर्वांसमक्ष मांडून दाखवावा, याला धैर्य लागते. राजधानीतील सामुराईंच्या सेनापतीला ते ‘कुरोनेको’त होत नाही, तो भुते मारायला माणूस पाठवतो. डिचोली आणि सत्तरीत शिमग्यालाच घोडेमोडणी निघते: कमरेला लाकडी घोड्याचा सांगाडा बांधलेले, फुलांनी सजवलेले फेटे घातलेले पुरुष हातात तलवार घेऊन ढोल-ताशावर नाचतात. स्थानिक वीरांनी शत्रूवर मिळवलेल्या विजयांचे ते स्मरण मानले जाते. गडे, घोडेमोडणी आणि चोरोत्सव हे एकाच सणाच्या रात्रींमध्ये सामावलेले आहेत, म्हणजे विजय, अपराध आणि मृतांची भेट यांचा हिशेब एकाच वेळी मांडला जातो.

पेडण्याची तऱ्हा निराळी आहे. तेथील भगवतीच्या देवळासमोर काळ्या दगडाचे दोन पूर्णाकृती हत्ती उभे आहेत, आणि कोजागिरीच्या रात्री येथे भरणारी ‘पेडण्याची पुनव’ भूतबाधा उतरवण्यासाठी दूरवर ओळखली जाते. रवळनाथ आणि भूतनाथ यांची तरंगे, म्हणजे साड्या नेसवलेले उंच देवखांब, अंगात संचार झालेल्या माणसांच्या खांद्यावर नाचत येतात. आख्यायिका अशी, की भूतनाथाला आपले देऊळ एका रात्रीत उभे करून हवे आहे. ते होत नाही म्हणून तो रागाने रानाकडे धावतो, आणि गावकरी देऊळ बांधण्याचे वचन देऊन त्याला परत वळवतात. पहाट होते, देऊळ होत नाही, आणि पुढच्या कोजागिरीला तोच राग व तेच वचन पुन्हा. देणे फेडता येणार नाही हे दोन्ही पक्षांना ठाऊक असून ते नाकारले मात्र जात नाही. सावकारीच्या भाषेत सांगायचे तर दरवर्षी कागद नवा केला जातो. सामुराई भूतपटातील शोकांतिका सुरू होते ती कागदच फाडून टाकल्यामुळे.

अर्थात या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिच्या कडा विसरू नयेत. ज्याला वैद्यकीय उपचारांची गरज आहे, अशा माणसाच्या आजाराला बाधा म्हणून ओळखले गेल्याने त्याचे काय होते, हा प्रश्न पुनवेच्या गर्दीतही उरतोच. गडा कोणी व्हायचे, तरंग कोणी उचलायचे, मान कोणाचा, हे जन्माने ठरते. आणि सर्वांत ठळक गोष्ट अशी, की देवचार, वेताळ, भूतनाथ, गडे, घोडेमोडणीतील वीर हे सगळे पुरुष आहेत. बाळंतपणात मेलेली स्त्री आल्वंतीण होते आणि गावरहाटीत तिला पद मिळत नाही, तिला फक्त पिटाळले जाते. स्त्रीच्या मरणाला शिळा मिळाली ती बहुतांशी सती गेल्यावर. बांगड्या भरलेला कोपरात वाकवलेला हात कोरलेले सतीचे दगड त्याची साक्ष देतात. म्हणजे नवऱ्यासाठी मेलेली स्त्री स्मारकाला पात्र, आणि नवऱ्यामुळे मेलेली स्त्री भूत. जपानमध्ये ज्यांच्यासाठी भिक्षू थांबला नाही, त्याच या स्त्रिया. ओइवाला आणि ‘कुरोनेको’तील सासू-सुनांना पडदा मिळाला, आल्वंतिणीला नाही.

मृताच्या तोंडची गोष्ट खरी मानावी का, याबाबतही तुलना उद्बोधक आहे. अकिरा कुरोसावा यांच्या ‘राशोमोन’ (१९५०) मध्ये खून झालेला सामुराई एका स्त्रीच्या अंगात येऊन न्यायालयात साक्ष देतो, आणि ती साक्षही इतरांच्या साक्षींइतकीच सोयीची, आपला मान राखणारी निघते. मेल्यावरही सामुराई प्रतिष्ठेसाठी खोटे बोलू शकतो, ही कुरोसावांची चपराक आहे. कोकण-गोव्यात अंगात आलेला अवसर बोलतो, पण गाव त्याच्यावर सर्वस्वी विसंबत नाही. मूर्तीला चिकटवलेल्या पाकळ्यांपैकी उजवी पडते की डावी, यावरून कौल घेतला जातो, गाऱ्हाणे घालणारा मानकरी एकेक बाब उच्चारतो आणि बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणत त्याला दुजोरा देतात.

रंगभूमीपुरते पाहिले तर पेडण्याला काबुकीचे वावडे वाटू नये. सिंधुदुर्ग आणि पेडणे यांची सामायिक असलेली दशावतारी नाटके देवळाच्या जत्रेत रात्रभर चालतात, नेपथ्य म्हणून एक बाकडे पुरते, पखवाज, झांज आणि पायपेटीवर राजे तलवारी घेऊन भिडतात, संवाद आयत्या वेळी सुचतात आणि स्त्रीभूमिका पुरुष करतात. सुरुवातीच्या आडदशावतारात काळा बुरखा आणि लोंबती लाल जीभ घेऊन येणारा संकासुर लहान मुलांना अजून घाबरवतो. तरीही या सामग्रीतून सामुराई भूतपटांच्या तोडीचा चित्रपट मराठीत लवकर झाला नाही. त्याचे कारण कल्पनेच्या दारिद्र्यात शोधण्यापेक्षा व्यवस्थेच्या यशात शोधावे लागेल, कारण जे भूत दरवर्षी अंगणात येऊन आपला मान घेऊन जाते, त्याला तिकीट काढून पाहायला कोण जाईल? दूरचित्रवाणीने ती कोंडी थोडी फोडली. २०१६ मध्ये सुरू झालेली ‘रात्रीस खेळ चाले’ ही आकेरीच्या वाड्यात चित्रित झालेली मालवणी वळणाची मालिका गाजली ती अण्णा नाईक या घरातल्या जुलमी पुरुषामुळे आणि शेवंता या त्याच्या रखेलीमुळे. भय वाटले ते घराण्याने दडपलेल्या गुन्ह्यांचे.

ओइवाच्या बाबतीत मात्र जपानने चित्रपटाच्याही पुढे पाऊल टाकले आहे. टोकियोच्या योत्सुया भागात तिच्या नावाचे इनारी देवस्थान आहे, आणि तिचे नाटक किंवा चित्रपट करण्याआधी नट आणि दिग्दर्शक तेथे जाऊन नमस्कार करतात, नाहीतर प्रयोगात अपघात होतात असा समज आहे. दशावतारी मंडळीही रंगायच्या आधी सामानाच्या पेटाऱ्यातील गणपतीची पूजा करतात. पण त्या पेटाऱ्यात अजून कोणा आल्वंतिणीची मूर्ती नाही.